एकही आठवडा रिकामा नाही

आमच्या घरातलं प्रेस उघडलं की प्लॅस्टिकच्या पिशव्या अंगावर येतात. प्रेस म्हणजे कपाट. आयर्लंडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर एवढं होणारच. आमच्या ग्रुपचे किस्सेही असेच कोंबून ठेवलेत, एक ओढायला जावं तर दहा बाहेर पडतात. आज फक्त पेन्शनचे काढते, कारण ते आठवले की अजून डोकं फिरतं.

* * *

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये ओंगार या उपनगरातली आम्ही तीन-चार मराठी घरं दर शुक्रवारी झूमवर भेटायचो. बनाना ब्रेडचे फोटो दाखवून संपले, तेव्हा विवेकरावांनी विषय काढला. विवेकराव आमच्यातले सर्वांत थोरले, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर होऊ घातलेले.

"सरकारी वेबसाइटवर आपापलं रेकॉर्ड बघा," ते म्हणाले. "किती आठवडे हप्ते भरलेत त्यावरून पेन्शनचा अंदाज येतो. दहा वर्षं भरली नसतील तर विसरा. तो अंदाज बरोबर आहे का, तेही तपासा. माझं तपासलं. एकही आठवडा रिकामा नाही!"

सगळ्या पुरुषांनी लगेच आपापलं उघडलं. माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, स्वतःचं ओळ न् ओळ वाचलं. मी विचारलं, "आणि माझं?"

"तुझं काय वेगळं असणार? आपण एकदमच आलो ना."

मी इतकी वर्षं लॅबमध्ये नोकरी केली, ती बहुधा त्याच्याच तिकिटावर!

* * *

माझं मग मीच उघडलं. एक अख्खं वर्ष गायब! हेल्पलाइनला फोन लावला. तीच ती धून ऐकून कान किटले, तेव्हा कुठे एक बाई लाइनवर आल्या. गोड आवाजात म्हणाल्या, "त्या वर्षी तुम्ही देशात होतात का?"

म्हटलं, "होते. तुमचा टॅक्स भरला, तुमच्याच हॉस्पिटलमध्ये मुलगा झाला आणि गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून दंडही भरला."

"दंड नाही हो धरता येत," बाई म्हणाल्या.

पगाराचे जुने कागद शोधून पाठवले, तेव्हा ते वर्ष माझ्या नावावर लागलं. तर मला म्हणे, "ऑल ग्रँड नाऊ!" म्हणजे आता सगळं ठीक. सॉरीचं नाव नाही. ग्रँड केलं कोणी? मी!

* * *

तेव्हा माझे सासरे आमच्याकडे अडकले होते. अमरावतीहून तीन महिन्यांसाठी आले आणि विमानंच बंद झाली. तिकडचं त्यांचं पेन्शन चालू राहायला हयातीचा दाखला हवा, आणि तो द्यायला बँकेत जातीने हजर व्हायचं. ते फोनवर ओरडून सांगत होते, "अरे, मी जित्ता हावो! माहा आवाज ऐकू येऊन राह्यला ना तुले?"

"आवाज चालत नाही, काका," बँकवाला म्हणाला.

फोन आपटून त्यांनी माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं. "यायले इथं पावसाचा अंदाज धड देता येत नाही, अन् पेन्शनचा देऊन राह्यले."

* * *

पाच किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी होती. मी आणि विवेकरावांच्या पत्नी सुषमाताई रोज कॉलनीभोवती फेऱ्या मारायचो. एकदा सहज विचारलं, "तुमचं रेकॉर्ड तपासलंत का?"

"तपासलं. सात वर्षं दिसतायत. गुडघ्यांपायी नोकरी सोडली, आता आणखी तीन कुठून आणू? वॉटरफोर्डची चार धरली असती तर अकरा झाली असती."

मला काही कळेना. पूर्वी वॉटरफोर्डला राहायचे तेव्हा विवेकराव औषधांच्या प्लॅन्टमध्ये आणि या घरी, असंच आम्ही ऐकत आलो होतो. विवेकरावांकडूनच.

"उलटं होतं," ताई म्हणाल्या. "त्याची नोकरी गेली आणि मग त्याच प्लॅन्टमध्ये मी लागले. आपल्या रीतीने पूर्ण नाव लिहिलं, सुषमा विवेक देशमुख. पगार करणाऱ्याला जुन्या यादीत विवेक देशमुख सापडला, त्याने त्याचाच सरकारी नंबर मला लावला. माझे चार वर्षांचे हप्ते गेले त्याच्या नावावर. प्लॅन्ट तर केव्हाच बंद पडला."

"आणि विवेकरावांना कळलं नाही?"

"एकही आठवडा रिकामा नाही म्हणाला ना? तेव्हाच कळलं होतं त्याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोची म्हातारपणाची सोय आपल्या नावावर बघून हा माणूस झूमवर मिरवत होता!

"'तेव्हा मी घरी राहून मुलीला सांभाळत होतो', एवढंच त्याने सांगायचंय," ताई म्हणाल्या. "लहान मूल सांभाळलं तर बापालाही ती वर्षं धरून देतात, त्याचं काहीच जात नाही. पण ते त्याच्या तोंडातून निघत नाही. लोक काय म्हणतील!"

लोक म्हणजे आम्हीच. घरी येऊन मी मिलिंदलाही झापलं, काहीही कारण नसताना.

* * *

२०२१च्या उन्हाळ्यात एकमेकांच्या बागेत बसायची मुभा मिळाली, तेव्हा देशमुखांकडे चहाला गेलो. ताईंचा फोन वाजला. त्यांनी उचलला आणि मुद्दाम स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. पेन्शन ऑफिसची बाई होती, ताईंच्या अर्जाबद्दल.

"मिस्टर देशमुख आहेत का तिथे? सर, त्या चार वर्षांत प्लॅन्टमध्ये कामाला कोण होतं? तुम्ही, की तुमच्या मिसेस?"

विवेकराव कपात बघत बसले. मिलिंद गवताकडे बघायला लागला. माझी जीभ नुसती शिवशिवत होती.

त्यांची मुलगी ईशा जवळच्या मेनूथ गावाहून आली होती. ती बिस्किटांची ताटली ठेवता ठेवता म्हणाली, "यू डिड माय प्लॅट्स एव्हरी मॉर्निंग, डॅड. जस्ट टेल हर." प्लॅट्स म्हणजे वेण्या; रोज सकाळी त्या बापच घालायचा.

"माय वाइफ," विवेकराव म्हणाले. मग कप खाली ठेवून, "आय वॉज अ‍ॅट होम."

"ग्रँड," बाई म्हणाली. "मिसेस देशमुख, मग ती वर्षं तुमच्या नावावर लावायला पाठवते. आणखी काही?"

"आहे," सुषमाताई म्हणाल्या. "त्याचीही चार वर्षं नीट लावून घ्या. घरी बसून नव्हता तो. काम करत होता."