जेनेबाची जीभ

पेनरोज मालकाला भात ताटात वाढला की कळायचा, त्याआधी नाही. तरीही चार्ल्सटाउनच्या दक्षिणेला, नदीकाठी, त्याची कोसभर भातखाचरं होती आणि भातशेतीवर त्याने एक शास्त्रीय निबंधसुद्धा छापवून घेतला होता. बियाणं ओल्या चिकणमातीत घोळवून वाळवलं की ते पाण्यावर तरंगत नाही आणि पाखरंही टिपत नाहीत, ही युक्ती आपण दीर्घ चिंतनातून शोधली, असं त्यात लिहिलं होतं. चिंतन चालू असताना मालक खुर्चीत होता आणि चिखलात जेनेबा होती.

ती युक्ती जेनेबाला तिच्या आजीने शिकवलेली. समुद्रापलीकडे, जिथे भाताची खाचरं पेनरोजच्या खापरपणजोबाच्या आधीपासून पिकत होती. चौदाव्या वर्षी जेनेबाला पकडून गलबतात कोंबलं. इथल्या बाजारात उतरवल्यावर दलाल ओरडत होता, भाताच्या मुलखातला माल आहे, घ्या. म्हणजे तिला काय येतं हे घेणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. घेऊन झाल्यावर सगळे सोयीस्करपणे विसरले.

मालकाला रोमन इतिहास-पुराणातली नावं ठेवायची हौस. गोठ्यातल्या गड्याचं नाव सीझर, शिकारी कुत्र्याचंही सीझर. हाक मारली की दोघंही येत आणि मालक कुत्र्याला आधी थोपटे. जेनेबाचं नाव त्याने ज्यूनो ठेवलं, देवांची राणी. ही देवांची राणी छत्तीस वर्षं गुडघाभर चिखलात उभी राहिली, टाचेने बी दाबत, आणि सुगीनंतर उखळाशी. अख्खा तांदूळ जहाजात जाई, कणी गुलामांच्या वस्तीत. ती कणी चवळीबरोबर शिजवून जेनेबाने तीन लेकरं वाढवली. दोन हिवतापाने गेली. साबे राहिली.

पण जेनेबाचं खरं काम बांधावरच्या उघाडीचं, म्हणजे पाणी आत घ्यायच्या दाराचं होतं. भरतीच्या वेळी नदीचं पाणी चढलं की उघाडीची फळी उचलायची, खाचरं भरून घ्यायची. यात मेख अशी, की पावसाने ओढ दिली की समुद्राचं खारं पाणी नदीत वरपर्यंत येतं. वरून दिसायला तेच गढूळ पाणी. एकदा आत घेतलं की उभं पीक जळून जातं. ते पाणी जेनेबा जिभेने ओळखी. ओंजळभर तोंडात घ्यायचं, जिभेच्या मुळाशी धरायचं, थुंकायचं आणि दहा श्वास थांबायचं. घशाला कोरड पडली तर फळीला हात लावायचा नाही. हे आजीनेच शिकवलेलं.

मुकादम क्रोलला हे सगळं थोतांड वाटे. त्याच्याकडे भरती-ओहोटीच्या वेळा छापलेलं पंचांग होतं. गेल्या वर्षी जेनेबा तापाने पडली असताना त्याने पंचांग बघून, घड्याळ लावून, अगदी वेळेवर फळी उचलली आणि तीन खाचरं जाळली. मालकाने निबंधाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला दैवी आपत्ती म्हटलं. मात्र त्यानंतर हुकूम सुटला, की म्हातारीच्या जिभेशिवाय उघाडी उघडायची नाही. दैवाला अडवायला गुलाम बाईची जीभ पुरते, हे मालकाला विचित्र वाटलं नाही. त्याला फारसं काहीच विचित्र वाटत नसे.

त्या उन्हाळ्यात मालकाच्या मुलीचं, शार्लटचं लग्न ठरलं. जावयाची जमीन जॉर्जियात. आहेरात चांदीची भांडी, एक घोडी आणि केस विंचरायला साबे. साबे सतरा वर्षांची. जेनेबा मालकापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, एवढी एक राहू दे. मालक हसला. तुमच्यातली माया मांजरीसारखी असते, महिनाभर ओरडाल आणि विसराल, असं त्याने तिला समजावलं. त्याच आठवड्यात मुलीच्या विरहाच्या कल्पनेने त्याला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

जेनेबा परत आली आणि उखळाशी बसली. समोर साबे.

"तुला पाणी कळतं ना नक्की?" जेनेबाने विचारलं.

"सात वर्षांची असल्यापासून कळतं. तूच तर शिकवलंस, आये."

"मग माझी जीभ गेली आता. वर्ष झालं. तूच मला सांगतेस, खारं का गोडं."

साबेचं मुसळ थांबलं. "असं सांगणार तू त्यांना? तू?"

"सांगायचं कशाला, दाखवायचं. सांगितलेलं त्यांना कळत नाही."

"आणि मग तुझं काय?"

"माझं काय व्हायचंय? म्हातारीला आहेरात कोण नेतंय? मुसळ चालव."

लग्नाच्या चार दिवस आधी पाहुणे जमीनदार आले. मालकाला त्यांना आपली शास्त्रीय शेती दाखवायची होती. बांधावर छत लावलं, खुर्च्या मांडल्या, मद्य आलं. तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. मालकाने जेनेबाला बोलावलं आणि तीन तुंबे पुढे ठेवले. एकात विहिरीचं पाणी, एकात उघाडीपाशी नुकतंच घेतलेलं, तिसऱ्यात दोन्ही मिसळलेलं. साबे पाहुण्यांवर पंखा धरून मागे उभी होती.

"ही माझी ज्यूनो," मालक म्हणाला. "हिला मी तयार केलंय."

जेनेबाने उघाडीचं पाणी तोंडात घेतलं. इतकं खारं, की मालकाच्या घोडीनेसुद्धा मान फिरवली असती. ती थुंकली, दहा श्वास थांबली. घसा कोरडा पडला.

"गोडं आहे, मालक," ती म्हणाली. मग विहिरीच्या पाण्याला तिने खारं म्हटलं.

छताखाली हशा पिकला. एक जण म्हणाला, पेनरोज, तुझं यंत्र गंजलंय. मालकाचा चेहरा लाल झाला. जेनेबा मान खाली घालून उभी राहिली. छत्तीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती, आणि चुकली ती यांच्यापुढे, ज्यांना भाताचं रोप गवतातून ओळखू आलं नसतं. तिला लाज वाटली. लाज वाटली याचा संताप त्याहून जास्त आला. आजीची माफी तिने मनातल्या मनात मागितली.

"जीभ गेली माझी, मालक," ती म्हणाली. "वर्षभर पोरगीच सांगते मला. तिला विचारा."

साबेने पंखा खाली ठेवला. पहिलं गोडं, दुसरं खारं, तिसरं मिसळलेलं, असं तिने नीट सांगितलं आणि पुन्हा पंखा उचलला. पाहुण्यांतला सगळ्यात लठ्ठ, सुजलेला पाय स्टुलावर ठेवून बसलेला म्हातारा, मालकाकडे वळला. तो म्हणाला, हीच पोरगी केस विंचरायला देतोयस ना? खाचरं जळाली की वेण्या पिकवणार आहेस का? मालकाला जे जेनेबाकडून कळलं नव्हतं, ते या पायाकडून लगेच कळलं. साबे राहणार, असं त्याने तिथेच जाहीर केलं आणि हा विचार आपल्या मनात आधीच होता, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शार्लट रडली. तिच्या आहेरातून एक माणूस कमी झालं होतं. मालकाने ओसरीवर बसून बराच विचार केला आणि जेनेबाला बोलावलं.

"जीभ गेली तरी हात आहेत तुझे. जॉर्जियात बियाणं घोळवायला, कांडायला कोणीतरी लागेलच. तू जा."

त्याला स्वतःचं कौतुक वाटत होतं. दोन्ही बाजू सांभाळल्या, वर म्हातारीही उजवली.

"बरं, मालक," जेनेबा म्हणाली. उखळाशी साबेने विचारलं होतं, तुझं काय, तेव्हाच तिला उत्तर ठाऊक होतं. फक्त पोरीसमोर ते उच्चारायचं नव्हतं.

जायच्या दिवशी भरती पूर्ण चढली होती. पाणी उतरायला लागलं की होडी सुटणार. जेनेबा भांड्यांच्या पेट्या आणि घोडीचा चारा यांच्यामध्ये बसली. धक्क्यावर पेनरोज लेकीसाठी ढसाढसा रडत होता, आणि सगळे त्याची कीव करत होते. साबेला निरोपाला सोडलं नव्हतं. भरतीची वेळ, ती कामावर होती.

होडी धक्क्यापासून सुटून बांधाजवळून निघाली तेव्हा जेनेबाला उघाडी दिसली. क्रोल पंचांग उघडून उभा होता, एक हात फळीच्या दांड्यावर. पाण्याच्या कडेला साबे उकिडवी बसली होती. जेनेबाने होडीच्या काठावरून हात खाली घातला, ओंजळ भरून तोंडात घेतली आणि जिभेच्या मुळाशी धरली. थुंकून ती श्वास मोजू लागली. दहाव्याला घसा कोरडा झाला.

बांधावर साबे उठली आणि तिने नकारार्थी मान हलवली. क्रोलने पंचांगात पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि दांड्यावरचा हात काढला.

उघाडी बंदच राहिली. होडी वळणाआड जाईपर्यंत जेनेबा साबेकडे बघत होती.