काजबाईचं मागणं

शर्टांच्या कारखान्यात काज करायच्या मशीनवर बसते म्हणून सगळे तिला काजबाई म्हणत. आणि मालकाला म्हणत दादा, मग तो निम्म्या कामगारांपेक्षा लहान का असेना. अशा दादाला एकदा भक्तीचा झटका आला.

झालं! रोज सकाळी नऊला भोंग्यावरून प्रार्थना सुरू. जो जास्त ओरडेल तो जास्त भाविक, असा सरळ नियम. कटिंग मास्तर तर डोळ्यांत पाणी आणून गायचा, आणि त्या पाण्यात त्याचं रोजचं उशिरा येणं वाहून जायचं. काजबाई मात्र ओठ मिटून उभी. "बाई, देवाशी अबोला आहे का?" मुकादम टोमणा मारायचा. ती हसून वेळ मारून न्यायची. तिचं जे काय असेल ते नंतर, मशीनवर बसून, दोरा ओवता ओवता पुटपुटत चालायचं.

घरी तिचा थोरला भाऊ दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेला. कूस बदलली तरी किंचाळायचा. त्याला भरवणं, पुसणं, सगळं तिच्याच गळ्यात, आणि तिचा जीवही त्याच्यातच.

एका सोमवारी मुकादम माइक बंद करायला विसरला. माइक नेमका काजबाईच्या शेजारी. अख्ख्या कारखान्याने ऐकलं, "देवा, दादाला आता उचल रे. फार झालं."

मशीनी थांबल्या. केबिनमध्ये चहा पिणाऱ्या दादाला जोराचा ठसका लागला.

"तुला खिडकीजवळची जागा दिली नाही, कबूल," तिला सगळ्यांदेखत बोलावून दादा घाम पुसत म्हणाला, "पण म्हणून एकदम उचल? उद्यापासून येऊ नकोस!"

नोकरी गेली तर भावाचं औषध कुठून आणायचं? आजवर कुणाजवळ न काढलेला शब्द तिला काढावाच लागला. "तुम्ही नाही हो. माझा भाऊ. मी त्याला दादा म्हणते." सख्ख्या भावाचं मरण मागते, हे चारचौघांत सांगताना ती मेल्याहून मेल्यासारखी झाली.

दादाचा जीव भांड्यात पडला. "अगं, मग आधी नाही का सांगायचं!" तो इतका खूश झाला, की उद्याची प्रार्थना तिच्या भावासाठी, असं जाहीरच करून टाकलं. "नको हो," तिने हात जोडले. पण पुण्य करायला निघालेल्या माणसाला आवरणार कोण? गल्लीलाही लाभ व्हावा म्हणून फाटकावर आणखी एक भोंगा चढला.

सकाळी मुकादमाने तीनदा बजावलं, "बाईंच्या दादाला म्हणायचं. बाईंच्या! नुसतं दादाला कुणी म्हणेल तर याद राखा." आणि चाळीस जण बेंबीच्या देठापासून ओरडले, "देवा, बाईंच्या दादाला लवकर उचल!" कटिंग मास्तरने वर टाळ्याही पिटल्या.

काजबाईचं घर त्याच गल्लीत, चार दारं सोडून. संध्याकाळी तिचा पाय घरात पडेना. भाऊ छताकडे बघत पडला होता. अंगाने साथ सोडली होती, कान मात्र शाबूत होते.

"दादा, ते लोक..." ती रडायलाच लागली.

"रडतेस काय, वेडे," तो म्हणाला. "मीही रोज तेच मागतो. तुला ऐकू जाऊ नये म्हणून मनातल्या मनात."