एकट्या मुलीशी बोललो, असं मी लिहिलं

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. ती दोनदा ओठांवर आली होती, दोन्ही वेळा मी दुसरंच काही बोलून मोकळा झालो. आता ऐंशी उलटली, तेव्हा लिहूनच टाकतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी मेहकर तालुक्यात शाळामास्तर होतो, लग्न व्हायचं होतं, आणि जगात आपल्यावाचून काहीतरी अडलेलं आहे अशी पक्की समजूत होती. अशातच समजलं, की अनाथ पोरांचे खटले चालतात तिथं पोरांची बाजू मांडायला बिनपगारी स्वयंसेवक हवेत. पाच रविवार शिक्षण, दोन भल्या माणसांचे दाखले, गुप्ततेची शपथ, आणि मग छातीवर बिल्ला. मी बिल्ल्यासाठी गेलो हे आता कबूल करायला हरकत नाही.

शिकवायला अकोल्याहून एक बाई येत. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, आवाज असा की खिडकीतली चिमणी उडावी. आम्ही सातजण पहिलीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचो. गुप्ततेची शपथ पहिल्याच रविवारी झाली आणि संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या गावाला तोंडपाठ होती, कारण आमच्यातला कंपाउंडर दाढी करायला गेला होता.

तिसऱ्या रविवारी बाईंनी खोटं कोर्ट मांडलं. सहा वर्षांचं पोरकं पोर झाला आमचा किराणा दुकानदार. मिशा केवढ्या, पोट केवढं! कंपाउंडर त्याच्याकडं गेला आणि सवयीनं म्हणाला, "जीभ दाखव."

दुकानदारानं खरंच जीभ काढली, मग भोकाड पसरलं, "मले माय पायजे!"

"अबे, रडून काऊन राह्यला? गोळी देतो ना!"

बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मग मला उठवलं. मी उकिडवा बसलो, त्या मिशाळ पोराच्या डोळ्यांच्या उंचीला आलो आणि हळूच विचारलं, "तुला कोणाजवळ राहायला आवडेल?" बाई म्हणाल्या, "असं विचारायचं. बघून ठेवा." त्या दिवशी मी घरी चालत गेलो नाही, तरंगत गेलो.

शेवटच्या रविवारी त्यांनी दोन गोष्टी दोनदा बजावल्या. मुलाच्या घरी वर्दी देऊन जायचं नाही. आणि मुलाशी एकट्याशी बोलल्याशिवाय त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही.

मला पहिलंच प्रकरण मिळालं ते नऊ वर्षांच्या मुलीचं. आईबाप गेलेले. ती चुलत्याकडे होती आणि जानेफळची मावशी, भाजी विकणारी, एकटी बाई, तिला मागत होती. कोणाकडे ठेवायचं ते कोर्टाचे साहेब माझा अहवाल वाचून ठरवणार होते.

आता आमच्याकडे चांगल्या घरी न कळवता जाणं म्हणजे त्या घरच्या बाईची फजिती करणं. मी पोस्टमनबरोबर निरोप धाडला, रविवारी येतो म्हणून. गेलो तर अंगण सारवलेलं, बाजेवर नवी चादर, खापरावर मांडे चाललेले. चुलती हातावर मांडा असा फिरवत होती की मला त्यातून पलीकडचं लिंबाचं झाड दिसलं. सोबत आमरस, वरून तूप.

"घ्या मास्तर, लाजू नका!"

"पुरे हो, फुटेन मी!"

"कोर्टाचा माणूस असा फुटत नसतो!"

सगळे हसले. मीही हसलो, पाचवा मांडा घेतला. रसाची वाटी ती मुलगीच आणून देत होती. नवा फ्रॉक, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. भरल्या पंगतीत मी ओरडून विचारलं, "काय गं, खूश आहेस ना इथं?"

तिनं चुलतीकडं पाहिलं. "हाव," म्हणाली.

तिला गोठ्यामागं नेऊन पुन्हा विचारायचं होतं. पण पोट जड झालं होतं, चुलत्यानं बैलगाडी जुंपून ठेवली होती, आणि वाटभर मी गाणं म्हणत आलो. घरी येऊन सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मुलीशी एकान्तात बोललो. ती समाधानी आहे.' साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि मुलगी चुलत्याकडे राहिली.

कोर्टाबाहेर मावशी उभी होती. तिच्याकडेही मी गेलो होतो. तो बाजाराचा दिवस होता, तिनं मला गुळाचा चहा दिला होता आणि मेथीच्या जुड्या बांधता बांधता उत्तरं दिली होती.

"मास्तर, तिले एकटीले इचारलं का तुमी?"

"हो."

"अन् काय म्हणली?"

"चुलत्याकडेच राहते म्हणाली."

तिनं पदर डोक्यावर घेतला. "तिच्याच मनात नसन तं म्या काऊन जीव तोडू?" एवढं बोलून ती चालू लागली. मी बिल्ला सरळ केला.

पुढच्या वर्षी कळलं, ती मुलगी शाळेत नव्हती, गोठ्यात होती. मावशी पुन्हा तिकडं फिरकली नव्हती. मी बिल्ला परत केला. कारण विचारलं, तर शाळेचं काम वाढलं म्हणून सांगितलं.

कितीतरी वर्षांनी देऊळगाव राजाच्या एसटी स्टँडवर एक बाई माझ्यासमोर थांबली. केस पिकायला लागलेले, सोबत सून. "तुमी ते कोर्टाचे मास्तर ना?" म्हणाली आणि हसली. शेजारी बसली, जालन्याच्या नातवंडांचं सांगितलं, मला पेरू दिला. मग म्हणाली, "माही मावशी लय जीव लावे मले. पन मंग कधी न्यायलेच आली नाही. मेली, तवा समजलं. काय चुकलं माहं, ते आजलोक नाही समजलं."

तिचं काही चुकलं नव्हतं हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं. मी म्हणालो, "जालन्याची गाडी लागली बघा." ती लगबगीनं उठली, सुनेनं पिशवी घेतली, दोघी चढल्या. मी खिडकीपर्यंत गेलोसुद्धा. तोंडात वाक्य तयार होतं: बाई, मावशीनं तुला टाकलं नव्हतं, तू तिला नको म्हणालीस असं मी तिला खोटं सांगितलं, मला माफ कर. गाडी सुटली, आणि मी नुसता हात हलवला.