ओळ उचलणारं कोणी

नरखेडच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा मायनं आधी माझी पत्र्याची पेटी आत ढकलली आणि मग मला. रडणं तिला जमायचं नाही. खिडकीशी येऊन म्हणाली, "कोनी गानं म्हनाले सांगतलं तं आपलं म्हनजो वं. उसन्या लुगड्यानं मिरवू नोको." मी नागपूरला टायपिंग शिकून नोकरी धरायला निघाले होते, गाणं म्हणायला नव्हे. पण मायला माझ्या पोटापेक्षा माझ्या गळ्याचीच काळजी जास्त.

वस्तीतल्या तुमच्यापैकी जे गावात राहिले त्यांना मायचं ते ‘आपलं’ गाणं सांगायला नको. माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांच्या मुलाबाळांसाठी सांगते. धम्मदीक्षा घेतल्यावर आपल्या वस्तीनं स्वतःची विहीर खणली. त्याआधी बायका गावविहिरीपासून लांब घागरी घेऊन उभ्या राहायच्या, कोणी दया येऊन वरून पाणी ओतेल म्हणून. आपल्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी मायनं काठावरच गाणं जुळवलं, "बाई, आपल्या विहिरीले पानी लागलं गोड." एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी तीच परत म्हणून उचलायची, अशी आपली रीत. माझा आवाज उंच, म्हणून ओळ टाकायचं काम लहानपणीच माझ्याकडे आलं. उचलणाऱ्यांत मायचा आवाज सगळ्यांत खालचा, जाडसर. डोळे मिटूनही मी तो ओळखायचे.

नागपुरात मामाकडे राहिले. नोकरी लागली. ऑफिसच्या स्नेहसंमेलनात माझं गाणं ऐकून धरमपेठेत गाणं शिकवणाऱ्या सुमतीबाईंनी मला शिकायला बोलावलं. बाई कडक. स्वर इतकासा हलला तरी पेटी बंद करायच्या. त्यांच्याकडे गळ्याबरोबर भाषेलाही वळण लागलं. सुट्टीत घरी गेले की माय हसायची, "आता तं तू बाईसाहेबावानी बोलून राह्यली."

अशात एका हौशी मंडळाला संगीत नाटकासाठी राजकन्या हवी होती. तिची सगळी पदं तार सप्तकातली, आणि तिथं घसा न चिरता उभी राहील अशी मुलगी त्यांना मिळेना. बाईंनी माझं नाव सुचवलं. मग चाचणीला गाणं कुठलं म्हणायचं, यावरून आमचं वाजलं. त्यांनी ताना-मुरक्यांनी भरलेलं एक नाट्यपद माझ्याकडून घोटून घेतलं होतं. मी विहिरीचं गाणं म्हणते म्हटलं.

"ते घरी म्हणायचं," बाई म्हणाल्या. "तिथे तुझा गळा बघणार आहेत."

त्यात दुष्टपणा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते ‘घरी’ मनाला लागलं. ती भूमिका मला हवी होती, फार हवी होती. पण तिच्यासाठी घर बाहेर चपलांपाशी काढून ठेवायचं असेल, तर राजकन्या होऊन मी कोणाची लेक राहणार होते? कित्येक दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

चाचणीच्या दिवशी माझ्याआधीच्या मुलींनी तेच नाट्यपद म्हटलं. दिग्दर्शक जांभई लपवत होते. माझी पाळी आली. पेटीवर सुमतीबाईच होत्या. नाट्यपदाची पट्टी आमची ठरलेली होती. मी तिच्याहून उंच पट्टी मागितली तेव्हाच त्या काय ते समजल्या. त्यांनी सूर धरला.

मी पहिली ओळ टाकली. वरचा स्वर स्वच्छ लागला, आणि मी थांबले. सवयीनंच थांबले. जन्मात ते गाणं मी एकटीनं म्हटलंच नव्हतं.

"का थांबलात?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"आता बाकीच्या म्हणतात ना," मी म्हणाले.

"बाकीच्या कोण?"

एसटी सुटताना मी रडले नव्हते. घर सुटलंय, हे मला कळलं ते त्या दिवशी, परक्या माणसांसमोर, अर्ध्या गाण्यात. डोळे भरून आले. तेवढ्यात पेटीमागून ओळ आली. सुमतीबाईंनी उचलली होती, खालच्या आवाजात, आपल्याच बोलीत. त्यांचे डोळे पेटीवर होते, माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुसरी ओळ मी कशी म्हटली ते मला आठवत नाही. भूमिका मला मिळाली. नाटक पाहायला माय आली आणि मुद्दाम मागच्या रांगेत बसली. राजकन्येचा साज, टाळ्या, कशाचंच तिला कौतुक नव्हतं. एवढंच विचारलं, "पह्यले आपलं म्हनलं होतं ना? मंग झालं."

पुढे मंडळ मोडलं. माझा संसार नागपुरातच झाला. आधी सुमतीबाई गेल्या, मग माय गेली. तिच्यामागं गावी गेले तेव्हा घरोघरी नळ आले होते आणि विहिरीवर जाळी होती. उचलणाऱ्या बायकांपैकी कोणी लेकाकडे काटोलला, कोणी मातीत. मी काठाशी उभी राहून ओळ टाकायला गेले, तर आवाज वर जाईना. वयानं उतरलाय तो, जाडसर झालाय. मग पुन्हा, जमेल तेवढ्या खाली म्हणून पाहिलं. तो आवाज मी डोळे मिटून ओळखला असता.

घर कुठं, असं मला आता कोणी विचारलं तर गावाचं नाव पटकन तोंडात येत नाही, नागपूरचंही नाही. गावात असा नाहीतर गावाबाहेर, कोणी ओळ टाकून थांबलेलं दिसलं तर तेवढी उचला. त्या दिवशी विहिरीच्या काठाशी मी सगळं गाणं म्हटलं. ओळ टाकणारीची जागा दर वेळी रिकामी सोडली, आणि मायच्या आवाजात नुसती उचलत गेले.