धोंड्याच्या महिन्यातला सायलेन्सर

तात्या गाडीखाली शिरण्याआधी चपला काढून ठेवायचे. कुणी हसलं की म्हणायचे, "इंजिनाचं पोट असतंय ते. पोटाकडं पायताण घालून जाऊ न्हाई." तळवड्यात माझा लेथचा गाळा आणि त्यांचा सायलेन्सरचा गाळा यांच्यात एकच भिंत. त्यामुळे दिवसभर मला दोन आवाज ऐकू येत, एक गाड्यांचा आणि एक तात्यांचा. त्यातला तात्यांचा मोठा.

तात्या मूळचे निघोज्याचे. हौशी पोरं आपल्या स्पोर्ट्स कारला मूळचा सायलेन्सर काढून दुसरा, जास्त गुरगुरणारा बसवायला त्यांच्याकडे येत. त्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर नावाची बोटाएवढी वस्तू असते. धुरात किती ऑक्सिजन उरला ते ती गाडीच्या कॉम्प्युटरला कळवते, आणि मग कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो. नव्या पाइपात तिला जागा कुठे द्यायची, हा तात्यांचा लाडका विषय. "सेन्सर म्हंजी मानाचा पाव्हणा," ते सांगत. "चुलीला खेटून बसवला तर भाजतोय. पार दारात बसवला तर भायेरचं वारं खातोय आन् नको ती चुगली करतोय. आन् पाइपाच्या खालनं लटकावलास तर पानी साचून मरतोय. वरच्या अंगाला, जरा तिरका, ऐटीत बसवायचा."

पाव्हण्यांच्या बाबतीत एवढे जाणकार असलेल्या तात्यांना एक पाव्हणा मात्र वश होत नव्हता. तो म्हणजे त्यांचा जावई, नीरज. ताथवड्यात राहायचा, चाकणला एका कंपनीत इंजिनियर होता. स्वभाव वाईट नव्हता, पण सासुरवाडीला आला की डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखा कडेला बसायचा आणि अर्धा चहा ठेवून उठायचा. लेक सारिका बिचारी दोघांच्या मध्ये हसरा चेहरा करून बसायची. तात्यांच्या मनाला ते फार लागायचं. मला म्हणायचे, "राव, पोरगी सुखात हाय, पर ह्यो मानूस आपला कवा हुनार?"

तेवढ्यात अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे आणि चांदीचं काहीतरी वाण द्यायची आपली रीत. नीरजकडे दोन सीटची, जुनी, लाल स्पोर्ट्स कार होती. तात्यांनी ठरवलं, चांदी कुणीही देतं, आपण सायलेन्सर द्यायचा. गाळ्यासमोर रांगोळी काढली. पाटावर नवाकोरा पाइप, शेजारी ताटात सेन्सर, वर अनारशांचा डोंगर. तात्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, जावयाला ओवाळलं आणि वाणालाही मनोभावे हळदकुंकू वाहिलं. नीरज कसनुसा हसला.

तात्यांनी चपला काढल्या, गाडीखाली शिरले आणि पाइप, सेन्सर सगळं बसवलं. गाडी सुरू केली तर समोर इंजिनाचा दिवा लागला आणि गाडी उचक्या देत काळा धूर सोडू लागली.

नीरजनं लॅपटॉप जोडला. "तात्या, सेन्सर फार मागे बसलाय."

"सेन्सर जागंवर हाय. तुमचा लॅपटॉप तपासा."

"माप न घेता भोक पाडलंत ना?"

"पोरीचं लगीन लावताना तुमचं तरी कुटं माप घेतलं व्हतं?"

मी लेथ बंद केला. सारिकाचा चेहरा पाहवत नव्हता. नीरजनं लॅपटॉप मिटला, "चल सारिका" म्हणाला आणि तरातरा गाडीत जाऊन बसला. आता सगळं संपलं, असं मला खरंच वाटलं. पण रागानं निघून जायलासुद्धा गाडी धड लागते. ती फाटकापर्यंत खोकत गेली आणि तिथेच मान टाकून बसली. तिला ढकलत परत आणायला नीरजला तात्यांचीच मदत लागली.

मग तात्यांचं भोक बुजवून जावयाच्या मापानं पुढे दुसरं पाडलं. धूर तसाच. सेन्सर काढून वर्तमानपत्रावर ठेवला आणि दोघं त्याच्याकडे बघत उकिडवे बसले. एवढ्यात जेवायला बोलवायला काकू आल्या, वाकल्या आणि खुशीत म्हणाल्या, "अगं बाई! अजून हाय की कुकू!"

"कसलं कुंकू?" नीरजनं विचारलं.

"म्याच लावलं न्हवं सकाळी! तुपात कालवून. डोकं समजून टोकाला चांगलं थापलं."

त्या टोकालाच बारीक भोकं असतात, सेन्सर तिथूनच धूर हुंगतो. काकूंनी श्रद्धेनं त्याचं नाक बुजवलं होतं. आधी सारिका हसली. मग नीरज इतका हसला की त्याला गाडीला टेकावं लागलं. तात्या मात्र गंभीरपणे म्हणाले, "तरी मी म्हनत व्हतो, जागा बराबर हाय."

नवा सेन्सर आणला. तो कुठे बसवायचा यावर पुन्हा भांडण झालं. शेवटी दोन्ही भोकांच्या मध्ये तिसरं पाडलं. गाडी सुरेख गुरगुरली, आणि ती जागा आपणच सुचवली असं दोघंही आजपर्यंत सांगतात. सीट दोनच, त्यामुळे सासरा-जावई चक्कर मारायला गेले आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. त्या ट्रॅफिकनं किती मुहूर्त आणि मुलाखती बुडवल्या असतील, पण त्या दिवशी त्यानं पुण्य कमावलं. संध्याकाळी दोघं परतले ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. नंतर दर रविवारी नीरज गाळ्यात असायचा आणि सारिका कुरकुरायची की माहेरी तिला कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी कंपनीनं नीरजची बदली चेन्नईला केली. लेकीच्या पाठवणीला तात्या कोरडे ठणठणीत होते, मंडपामागच्या जनरेटरचा धूर बघत हिंडत होते. पण जावई निघाला त्या दिवशी त्याला मिठी मारून ते हमसाहमशी रडले.

"तात्या, मी पण चाललेय हो!" सारिका म्हणाली.

"व्हय गं, पर तू कवाबी येशील. तुजं म्हायेर हाय," तात्या पंच्यानं डोळे पुसत म्हणाले. "ह्याचं काय हाय हितं?"

नीरजनं खिशातून लाल गाडीची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. "गाडी इथंच ठेवतोय, तात्या. भांडायला यावंच लागेल मला."

मग तर तात्यांना आवरता आवरेना.