अस्तरातली घडी

कारखान्यात त्यांना नापासकाका म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बुटांच्या कारखान्यात चोवीस वर्षं ते शेवटच्या टेबलावर तपासनीस म्हणून बसले. त्या टेबलावरून सुटला तो बूट दुकानात गेला, अडला तो अडलाच. पद्धत साधी होती. दोन बोटं बुटात पार पुढपर्यंत सारायची आणि अस्तरावरून फिरवायची, अंगठ्याच्या नखाने सोलची कड ओढून बघायची, मग जोडी फळीवर ठेवून टाचा जुळतात का ते पाहायचं. खोट सापडली की बूट उताणा करून बाजूला ठेवायचा. बोलायचं काही नाही. उताणा बूट दिसला की शिलाईवाले समजून जायचे आणि मनातल्या मनात काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

मग मालकाने कारखान्याला टाळं ठोकलं. शिलाईवाले कुठे कुठे लागले, कातरकाम करणारेही लागले. बाजारात कुणाला तपासनीस मात्र नको होता. दुसऱ्याच्या कामात खोड काढणाऱ्या त्रेपन्न वर्षांच्या माणसाला पगार देऊन कोण बोलावणार? आठ महिने काका घरी बसले. बायको बालवाडीत मदतनीस होती. तिच्या एकटीच्या पगारात घर कसंबसं उभं होतं, आणि ती दमून घरी आली की काका उगाचच पंख्याची पाती पुसायला घ्यायचे.

मोठी मुलगी लग्न होऊन गेली होती. धाकटी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि एके दिवशी जेवता जेवता तिने सहज सांगितलं, "मी कॉलेज सोडते. कुठेतरी दुकानात लागते. नंतर करता येईल पुरं."

नंतर म्हणून सोडलेलं शिक्षण कुणी पुरं केलेलं काकांनी आजवर पाहिलं नव्हतं. शिलाईखात्यातल्या निम्म्या बायका अशाच 'नंतर'वाल्या होत्या. आणि ही पोरगी इंजेक्शनाला घाबरणारी, हट्टाने नर्सिंगला गेलेली, आता कुठे रमली होती. त्यांनी ताटावरून उठता उठता जाहीर केलं, "मी लागतो दुकानात. तू कॉलेजला जायचं."

जाहिरात धाकटीनेच शोधली. बाजारपेठेतलं दुमजली बुटांचं दुकान, विक्रेते पाहिजेत, अनुभवाची गरज नाही. काकांकडे अनुभवाशिवाय दुसरं काही नव्हतं, पण तो मुद्दा दोघांनी मनात ठेवला. फॉर्म तिने मोबाइलवर भरला आणि आठवडाभर बापाची शिकवणी घेतली. गिऱ्हाईक आलं की हसायचं. नाही हा शब्द काढायचा नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, चांगले आहेत का, की लगेच हो म्हणायचं. सराव म्हणून आईला गिऱ्हाईक केलं आणि तिचीच घरातली चप्पल विकायला ठेवली. काका हसले, वाकले, चप्पल हातात घेतली, पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाले, "बाई, ही घेऊ नका. महिन्यात अंगठा निघेल हिचा."

बायको हसून हसून खाली बसली. धाकटी हसली नाही. "बाबा, तिथे असं केलंत तर मी उद्याच कॉलेजात नाव काढायला जाते," ती म्हणाली. ती धमकी नव्हती. ती नुसतं सांगत होती, म्हणून काकांना जास्त भीती वाटली.

मुलाखतीच्या दिवशी ती सोबत आली. कॉलेजला सुट्टी टाकून आली, आणि त्यावरून वाटेत थोडी बाचाबाचीही झाली. दुकानात गार हवा होती, गुळगुळीत फरशी, भिंतभर काचेच्या फळ्या, त्यांवर एकेक बूट तिरपा मांडलेला. दुकान सांभाळणाऱ्या मॅडम वर होत्या. गल्ल्यावरच्या पोराने थांबायला सांगितलं. धाकटी बूट घालून बघायच्या बाकावर बसली. काका उभे राहिले. रिकामे हात आणि समोर बुटांची भिंत. दारुड्याला गुत्त्यात उभं करून वाट बघायला लावावं, तसंच झालं हे.

मॅडम खाली आल्या तेव्हा तिसऱ्या फळीवरचे सात बूट उताणे पडले होते.

मॅडम तिशीच्या आतल्या, केस घट्ट बांधलेल्या, चालताना हातातल्या पेनने मांडीवर ठेका धरणाऱ्या. ठेका थांबला. "हे कोणी केलं?"

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांना खरोखर आठवत नव्हतं. चोवीस वर्षांची सवय, बोटं आपोआप आत गेली असणार. आता खरं सांगावं तर दारातूनच परत, आणि खोटं तर ऐन वेळी कधीच सुचलेलं नाही.

"मॅडम, बाबांचं म्हणणं असं की लोक वरचा रंग बघतात, सोल कुणी दाखवतच नाही," धाकटी बाकावरून उठून म्हणाली. "खालची पकड दिसली तर गिऱ्हाईक थांबून हातात घेतं. म्हणून थोडे उलटे मांडून बघितले."

मॅडमनी एक उताणा बूट उचलला, सोल बघितला, आणि मान डोलावली. "कल्पना वाईट नाही, काका." पण बोलताना नजर पोरीवर होती. काका ओशाळं हसले. आपली मुलगी इतकं सराईत बोलते हे त्यांना नवीन होतं. वाचलो म्हणून बरं वाटलं आणि कुठेतरी टोचलंही.

वरच्या केबिनमध्ये प्रश्न झाले. आधीच्या नोकरीत काय विकलंत, असं मॅडमनी विचारलं. "काही नाही. मी अडवायचो," काका म्हणाले, आणि जीभ चावली. लोकांशी बोलायला आवडतं का? काका म्हणाले, "आवडेल." मॅडमनी पेन ठेवलं. वाईट बाई नव्हती ती. "काका, कागदावर मला काही कळत नाही. खाली चला. पुढचं गिऱ्हाईक तुमचं. एक जोड विका, उद्यापासून या."

एक जोड. एवढंच होतं. काका जिना उतरले तेव्हा त्यांना वाटलं, एक जोड तर कुणीही विकेल.

पुढचं गिऱ्हाईक म्हणजे काठी टेकत आलेल्या एक सत्तरीच्या आजी. एकट्याच होत्या. बाकावर बसून त्यांनी आधी दम खाल्ला.

"भाऊ, बंद बूट द्या. मऊ बघा. डॉक्टरांनी चप्पल बंद केलीये माझी. साखर आहे ना. पायाला काही लागलं तरी कळतच नाही आता. मागे चपलेत खडा होता, दिवसभर तशीच हिंडले मी. रात्री सुनेला फरशीवर रक्त दिसलं, तेव्हा कळलं." आणि हे सगळं त्यांनी हसत हसत सांगितलं.

काका गुडघ्यावर बसले. माप घेतलं. त्यांचा हात पायाला लागला तेव्हा आजी दुसरीकडेच बघत होत्या, इतकं त्यांना ते जाणवत नव्हतं. त्या मापात बंद बूट एकच निघाला, तपकिरी, दिसायला छान. आजींना बघताक्षणीच आवडला. काकांनी डावा बूट हातात घेतला आणि बोटं आत सारली.

करंगळीच्या जागी अस्तराला घडी होती. शिवताना कापड दुमडलं गेलेलं, वर गोंद सुकून कडक झालेला. डोळ्यांना दिसणार नाही, पण बोटाला काडीसारखी लागत होती. कारखान्यात असता तर हा बूट एका श्वासात उताणा झाला असता.

"दुसरं काही दाखवू?" काका म्हणाले.

"का हो? हेच छान आहेत की."

मॅडम गल्ल्यापाशी उभ्या राहून बघत होत्या. पेनचा ठेका चालू होता. हो म्हटलं की नोकरी. आणि नाही म्हटलं की पोरगी उद्या कॉलेजात जाऊन नाव काढणार. काकांनी बूट तसाच हातात धरून धाकटीकडे पाहिलं.

धाकटी आली. बापाच्या शेजारी गुडघ्यावर बसली, बूट त्यांच्या हातातून घेतला आणि दोन बोटं आत सारली. लहानपणी त्यांच्याजवळ बसून ती हेच करायची. शाळेचे नवे बूट स्वतः तपासल्याशिवाय घालायची नाही. तिची बोटं पुढे गेली आणि करंगळीच्या जागी थांबली. क्षणभरच थांबली. पण काकांनी तिचा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं, हिला सापडली.

"आजी, घालून उभ्या राहा बघू," ती म्हणाली. बूट तिने स्वतःच्या हाताने चढवला, नाडी बांधली, चवड्यावर अंगठ्याने दाबून बघितलं. "अगदी तुमच्या मापाने शिवल्यासारखे बसलेत. चालाल तसे अजून मऊ होतील."

"टोचणार नाही ना ग?"

"नाही हो आजी. मी नर्सिंग करते. पायांचं कळतं मला."

काकांनी तिच्याकडे बघितलं, पण तिने मान वर केली नाही. आणि काकाही काही बोलले नाहीत. हे त्यांच्या बाजूने कितीही सांगायचं म्हटलं तरी लपवता येत नाही. ते गुडघ्यावर बसून राहिले, आणि आजी पिशवी घेऊन, पोरीच्या गालावरून हात फिरवून, काठी टेकत दाराबाहेर गेल्या.

मॅडम जवळ आल्या. "काका, राग मानू नका. तुमचं नाही जमायचं. तुम्हाला बोलताच येत नाही." मग पोरीकडे वळून, "तू येशील का ग सोमवारपासून? तुझ्यासारखी मला शोधून सापडणार नाही."

"येते," धाकटी म्हणाली. विचार करायलाही थांबली नाही.

काका उठले. गुडघे कटकन वाजले. कुणालाही काही न सांगता ते दाराबाहेर पडले आणि भर बाजारात पळायला लागले. त्रेपन्न वर्षांचा माणूस, इस्त्रीच्या शर्टात, लोकांच्या खांद्यांवर आपटत. आजी बसथांब्यावर बसलेल्या सापडल्या.

"बाई, ते बूट घालू नका," काका धापा टाकत म्हणाले. "डाव्यात घडी आहे. करंगळीला जखम होईल, तुम्हाला कळणारही नाही."

आजींनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मघाशी का नाही बोललात?"

आजींनी पुढचा प्रश्न विचारला तो त्याहून वाईट. "आणि ती पोरगी? ती तर म्हणाली तिला कळतं."

"तिला कळलं नाही," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ऐन वेळी खोटं सुचलं, आणि ते इतकं सहज बाहेर पडलं की त्यांनाच धक्का बसला.

आजींना घेऊन ते दुकानात परत आले. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. मॅडमनी बुटात हात घालून पाहिला, पैसे परत केले, आजींची माफी मागितली. आजी गेल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुम्ही दोघंही निघा. सोमवारचं विसरून जा."

बापलेक बाजारातून घराकडे चालत निघाले. धाकटी दोन पावलं पुढे. काका मागून तिची वेणी बघत चालले होते. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. त्यांना वाटत होतं, आता ही चिडेल, भांडेल, आणि मग सगळं सरळ होईल. घराच्या जिन्यापाशी ती थांबली.

"बाबा, खरं सांगा. तुम्ही त्या आजींच्या पायासाठी पळालात, की माझी नोकरी मोडायला?"

काकांनी विचार केला. मनापासून केला. आजी दाराबाहेर जात होत्या तेव्हा ते उठले नव्हते. 'येते' हा शब्द ऐकल्यावर उठले होते. "ते माझं मलाच कळत नाहीये," ते म्हणाले.

तिने मान डोलावली. तिला बहुतेक हेच उत्तर अपेक्षित होतं. "मागच्याच महिन्यात शिकवलं आम्हाला," ती म्हणाली. "साखरेच्या पेशंटचे पाय. एवढ्याशा घडीने पाय जातो. वॉर्डात दोन दाखवले, कापलेले. मला सगळं माहीत होतं, बाबा. माहीत असूनही बोलले मी. का बोलले ते तुम्हाला माहितीये."

"म्हणून तर म्हणतो, तू उद्या कॉलेजला..."

"घरात पगार हवा की नको?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला. धाकटीने ओढणीने तोंड पुसलं, आणि ती रडत होती की घाम होता, हे काकांना जवळ उभं राहूनही कळलं नाही.

"उद्या मी दुसरं दुकान बघते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तिथे मात्र तुम्ही येऊ नका, बाबा."

आणि ती जिना चढून गेली.