चार फुल, शेवटपर्यंत!

पुण्यात जन्मलेला माणूस गाडी कुठं जाते हे विचारत नाही, सांगतो. मीही सांगितलं.

माझ्या मेव्हण्याला, विलासला, तोवर चार मुलींनी नकार दिला होता. पाचवी महाबळेश्वरची. दुपारी दोनला बघायचा कार्यक्रम, आणि तोही भर जुलैत! "हेही स्थळ हातचं गेलं तर पोरगा खचेल हो," सासूबाई म्हणाल्या. मी म्हणालो, "मी आहे ना!" (या वाक्यानंतर आमच्या घरात आजवर काहीही चांगलं घडलेलं नाही.)

स्वारगेटला पाऊस नुसता कोसळत होता. बसच्या पाटीवर खडूनं लिहिलेल्या नावातलं पावसानं फक्त 'महा' शिल्लक ठेवलं होतं. मला तेवढं पुरलं! खिडक्यांतून रुमाल, पिशवी, टोपी आणि सुमनची पर्स आत फेकून मी चार जागा धरल्या.

"अहो, एकदा विचारा तरी," सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"स्वारगेटला आणि मी विचारू? लोक काय म्हणतील!"

कंडक्टरनं "कुठं?" म्हटल्यावर मी तोऱ्यात म्हणालो, "चार फुल, शेवटपर्यंत!" त्यानं निमूटपणे तिकिटं फाडली.

तासा-दोन तासांनी धुक्यात एक गाव आलं, नदी दिसली आणि मला कंठ फुटला. "हे वाई! ही कृष्णा!"

शेजारचे आजोबा म्हणाले, "आवं, ह्ये भोर हाय. ही नीरा."

"आजोबा, इतिहास-भूगोल मला शिकवू नका." (मी विमा कचेरीत कारकून. शाळेत दोन्ही विषयांत काठावर पास.) आजोबा कीव आल्यासारखे बघत उतरून गेले.

"ते भोर म्हणत होते," सुमन पुटपुटली.

"वय झालंय त्यांचं."

घाट लागला. "हा पसरणी घाट!" मी अख्ख्या गाडीला सांगितलं. मागे कोणीतरी तोंडात रुमाल कोंबला. पुढे गाडी वळणं घेत उतरायला लागली.

"जावईबापू, महाबळेश्वर वर आहे ना? मग आपण खाली का चाललोय?"

"आधी थोडं उतरावं लागतं."

मग सासूबाईंनी स्वेटर काढला. "आणि इतकं उकडतंय?"

"ढग खाली आलेत ना!"

तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "महाड! चला, गाडी खाली करा!"

स्टँडसमोरच्या दुकानातून मुलीकडे फोन लावला. तिचे वडील म्हणाले, "अहो, पोहे निवले! आहात कुठं?"

"महाडला."

"कोकणात?"

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आयुष्यात पहिल्यांदाच माझी लाज वाटली.

पुढच्या रविवारी विलासनं स्वतः चौकशी करून सगळ्यांना महाबळेश्वरला नेलं. मला तोंड न उघडण्याच्या अटीवर. पोहे झाले, चहा झाला. मुलीनं विलासला एकच प्रश्न विचारला, "त्या दिवशी तुम्हाला महाडला नेणारे हेच का? हे तुमच्यातच राहतात?"

"नाही, ते सदाशिव पेठेत. आम्ही खडकीला."

"मग माझी पसंती आहे," ती म्हणाली.